लाटांचा भार आणि फटीग: बेळगावच्या मुलीनं समुद्रातल्या पवनचक्कीवर पीएच.डी. करावी का?

अश्विनी_कंग्राळी

नमस्कार मंडळी. मी कंग्राळीची. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढं बेळगावातच सिव्हिल, आणि यंदा स्ट्रक्चर्समध्ये एम.टेक. झालं. गेटचा स्कोअर आहे. किनाऱ्यावरच्या एका संस्थेत पीएच.डी.ची मुलाखत झाली आणि निवडही झाली. गाईडनी विषय सांगितला तो एका ओळीत: समुद्रातल्या पवनचक्कीच्या मोनोपाइलवर लाटांचा भार आणि त्यानं होणारं फटीग. (मोनोपाइल म्हणजे पवनचक्कीखालचा, समुद्रतळात ठोकलेला एकच जाड पोलादी खांब; फटीग म्हणजे पुन्हा पुन्हा ताण बसून पोलाद थकणं, चिरणं.) बाकी काय, तर "वाचून ये, मग बोलू."

होकार कळवायला थोडेच दिवस आहेत. वाचायला बसले तर पहिल्याच पानावर अडले. आम्ही आजवर जे शिकलो त्यात सगळ्यांत मोठा भूकंप, सगळ्यांत मोठा वारा धरायचा आणि त्याला पुरेल एवढं मजबूत करायचं. मग इथंही सगळ्यांत मोठी लाट धरली की झालं, असं वाटत होतं. पण लेखांमध्ये सगळीकडं मीटर-दीड मीटरच्या रोजच्या लाटांचीच चर्चा. त्यात लाटेच्या भाराला मॉरिसनचं समीकरण आहे, फटीगला एस-एन कर्व्ह (किती ताणाचे किती फेरे सोसतील हे सांगणारी रेष) आहे, दोन्ही कोडमध्ये, म्हणजे डिझाइनच्या नियमपुस्तकात, छापलेलं. आकडे घातले की उत्तर येतं. मग चार-पाच वर्षं शोधायचं काय?

दुसरं म्हणजे, भारतात अशी एकही पवनचक्की अजून समुद्रात उभी नाही. आमचे आबा विचारतात, "आपल्या मुलखात समुद्र कुठला? गदगला जाताना डोंगरावर एवढ्या पवनचक्क्या दिसतात, त्यांच्यावर कर की काय ते." त्यांना काय सांगू, तेही कळत नाही. या विषयातलं कुणी असेल तर मोकळेपणानं सांगा.

जांबोटीकर

अश्विनी, आधी अभिनंदन. मी खानापूर तालुक्यातला, जांबोटीचा. याच विषयात पीएच.डी. केली आणि आजही पोट याच कामावर आहे. त्यामुळं जरा लांबण लागेल, वाचून घे.

पन्नास वर्षांतून एकदा येणारी लाट खांब मोडते का, हे बघावंच लागतं. पण तो हिशेब एकदा केला की संपला. फटीगचं तसं नाही. आठ सेकंदाला एक लाट धर. पंचवीस वर्षांत जवळजवळ दहा कोटी लाटा होतात. त्यातल्या एकीनंही खांबाला काही होत नाही. पण प्रत्येक लाटेगणिक वेल्डच्या काठावरचा ताण थोडा चढतो, थोडा उतरतो, आणि मायनरच्या बेरजेत प्रत्येक चढ-उतार जमा होत जातो. ही बेरीज १९४५ ची आहे, त्याआधी १९२४ मध्ये पामग्रेननं बेअरिंगसाठी तीच मांडली होती. आजही आपण तीच वापरतो.

हे नुसतं कागदावरचं वाटत असेल तर अलेक्झांडर कीलँडचा अपघात वाच. २७ मार्च १९८० ला नॉर्वेच्या हद्दीतल्या उत्तर समुद्रात हा तरंगता तळ उलटला. वर २१२ माणसं होती, १२३ गेली. वादळ होतं, पण त्या समुद्रात असामान्य म्हणावं असं नव्हतं. चौकशीत काय निघालं, तर पाण्यातले आवाज टिपणारं एक यंत्र बसवायला एका ब्रेसवर (पाय जोडणाऱ्या नळीवर) छोटीशी फ्लँज जोडली होती, ६ मिलिमीटरच्या फिलेट वेल्डनं. ती फ्लँज काही भार घेणारा भाग नव्हती, म्हणून तिच्याकडं कुणी त्या नजरेनं पाहिलंच नाही. चीर तिथून निघाली, ब्रेसच्या गोलाईनं फिरत गेली, ब्रेस तुटली, तिच्यावरचा भार शेजारच्या ब्रेसवर गेला, त्याही तुटल्या आणि अख्खा पाय सुटला. मी ते चित्र विद्यार्थ्यांना दर वर्षी दाखवतो. एवढ्या मोठ्या तळाचं आयुष्य त्या एका वेल्डच्या काठावर ठरलं होतं.

आता "आकडे घातले की उत्तर येतं" याबद्दल. एस-एन कर्व्हमध्ये ताणाचा घात असतो, वेल्डसाठी ३, आणि खालच्या टोकाला ५. लाटेचा खरा भार तू काढलेल्या भारापेक्षा १० टक्के जास्त निघाला, तर खरं नुकसान तुझ्या हिशेबापेक्षा घात ३ असताना ३३ टक्के आणि घात ५ असताना ६१ टक्के जास्त होणार. म्हणजे तू पंचवीस वर्षं सांगितलेला खांब एकोणीस वर्षांचा ठरतो, नाहीतर साडेपंधराचा. बरं, समुद्रातल्या भाराचं गणित दहा टक्क्यांत बसवणं ही मोठी गोष्ट आहे! मॉरिसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये ते समीकरण दिलं ते बारीक पाइलसाठी. आजचे मोनोपाइल दहा मीटर व्यासाचे आहेत. सहा सेकंदांच्या लाटेची लांबी साधारण ५६ मीटर, पाच सेकंदांच्या लाटेची ३९ मीटर. व्यास लाटेच्या लांबीच्या पाचव्या हिश्शापुढं गेला की खांब लाटेलाच वळवतो, आणि मॉरिसन भार जास्त दाखवायला लागतो. तिथं १९५४ चा मॅककॅमी आणि फुक्स यांचा डिफ्रॅक्शनचा सिद्धांत घ्यावा लागतो. पाच सेकंदांना दहा मीटरचा खांब ती हद्द ओलांडतो. आणि फटीगसाठी नेमक्या याच आखूड लाटा महत्त्वाच्या असतात.

का, ते सांगतो, कारण माझ्या मते या विषयाचा जीव इथंच आहे.

खांब, टॉवर आणि वरचं यंत्र मिळून एक स्वतःची डोलण्याची गती असते. अमेरिकेतल्या एनआरईएल या राष्ट्रीय ऊर्जा प्रयोगशाळेनं ५ मेगावॉटची एक नमुना टर्बाइन सगळ्यांना अभ्यासाला खुली ठेवलीय. तिचा रोटर मिनिटाला ६.९ ते १२.१ फेरे घेतो, म्हणजे ०.११५ ते ०.२ हर्ट्झ (सेकंदाला फेरे). पाती तीन, म्हणून टॉवरसमोरून पातं जाण्याची गती तिप्पट, ०.३४५ पासून पुढं. या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत, ०.२८ च्या आसपास, खांबाची गती बसवतात. लाटांची बहुतेक ताकद ०.१ ते ०.२ च्या पट्ट्यात. म्हणजे थोडं अंतर राहतं. आता १५ मेगावॉटची आयईएची (आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेची) नमुना टर्बाइन घे. रोटर २४० मीटर, हब (पात्यांचा मध्य) दीडशे मीटरवर, मोनोपाइल दहा मीटर व्यासाचा. तिची पहिली गती ०.१७ हर्ट्झ. म्हणजे सहा सेकंदांची लाट आणि खांबाचं डोलणं एकाच तालावर! टर्बाइन जितकी मोठी तितकी ती लाटांच्या पट्ट्यात खाली सरकते. पाच मेगावॉटच्या काळातले जे लेख "लाटांचं फटीग दुय्यम" म्हणतात, ते आजच्या यंत्राला तसेच लावता येत नाहीत. कोडमध्ये सगळं छापलेलं आहे म्हणतेस, ते खरंय, पण कोड मागून येतो आणि यंत्रं पुढं गेलीत.

होकार देण्याआधी एक काम कर. कुठलंही मोठं सॉफ्टवेअर उघडू नकोस. एक वस्तुमान, एक स्प्रिंग, एक डॅम्पर (डोलणं शमवणारा भाग) एवढंच मॉडेल घे. त्याच्यावर जॉनस्वॅपच्या स्पेक्ट्रमनं (लाटांची ताकद कोणत्या गतीला किती हे सांगणाऱ्या आलेखानं) बनवलेली लाट सोड, आधी पाच टक्के डॅम्पिंगनं, मग एक टक्क्यानं, आणि काय दिसतं ते इथं लिही. ओपनफास्ट हे टर्बाइनचं सॉफ्टवेअर नंतर आहेच.

आबांना एवढं सांग: गदगच्या डोंगरावरच्या टॉवरला वाऱ्याचाच मार असतो, समुद्रातल्या टॉवरला वाऱ्याचा आणि लाटेचा दोन्ही, आणि ते दोन्ही एका दिशेनं येतीलच असं नाही.

उद्यमबाग_टेस्टिंग

पोरी, मी उद्यमबागेत टेस्टिंगला होतो, आता निवृत्त आहे. समुद्राचं मला कळत नाही. खरं फटीग मी आयुष्यभर बघितलंय, क्रँकशाफ्टमध्ये.

एक गोष्ट कर. पीएच.डी.ला जायच्या आधी मोडलेला क्रँकशाफ्ट हातात घेऊन बघ. आपल्या बेळगावात ते मिळणं अवघड नाही, कुणीही फौंड्रीवाला दाखवेल. मोडीच्या तोंडावर दोन भाग दिसतात. एक भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावर असतात तशा एकाबाहेर एक रेषा. दुसरा भाग खरबरीत, दाणेदार. गुळगुळीत भाग म्हणजे चीर सावकाश पुढं गेली तो, दाणेदार म्हणजे शेवटी एका झटक्यात तुटला तो. रेषांचा उगम बघत मागं गेलं की बोट ठेवता येतं, इथनं चालू झालं म्हणून. बहुतेक वेळा ती जागा फिलेटच्या कोपऱ्यात असते, नाहीतर ग्राइंडिंगच्या एखाद्या ओरखड्यात. बाहेरनं काय बी दिसत नाही. शेवटच्या दिवसापर्यंत शाफ्ट धडधाकट दिसतो.

दुसरं. एकाच हीटचे (एकाच वितळणीतले), एकाच मशीनवर, एकाच भारावर लावलेले नमुने कधी एकावेळी मोडत नाहीत. एकाचं आयुष्य दुसऱ्याच्या कितीतरी पट निघतं. पुस्तकातली रेष सरळ असते, खरं तिच्यामागचे ठिपके लई पांगलेले असतात. ते ठिपके बघितल्याशिवाय रेषेवर विश्वास टाकू नकोस.

जांबोटीकर

काका, हे फार मोलाचं सांगितलंत. यात थोडी भर घालतो. कोडमधली रेष त्या ठिपक्यांच्या मधून काढत नाहीत, सरासरीच्या दोन प्रमाण-विचलनं खाली काढतात, म्हणजे शंभरातले ९७-९८ नमुने तिच्या वर टिकलेले असतात. आणि क्रँकशाफ्टमध्ये चीर सुरू व्हायलाच पुष्कळ आयुष्य जातं. वेल्डमध्ये तसं नाही, तिथं काठाला बारीक दोष आधीच असतात, त्यामुळं चीर लगेच पुढं जायला लागते. म्हणूनच मोनोपाइलला जास्त ताकदीचं महागडं स्टील वापरून वेल्डचं फटीगचं आयुष्य वाढत नाही. जाडी वाढवा, वेल्डचा काठ घासून सपाट करा, किंवा मुळात ताणाचा चढ-उतार कमी करा. अश्विनी, हे आत्ताच मनात पक्कं ठेव. एम.टेक.मध्ये आपण "ग्रेड वाढवा" हे उत्तर फार पटकन देतो.

स्नेहल_टिळकवाडी

मी या विषयातली नाही, किनारा अभियांत्रिकीत पीएच.डी. करून पुण्याला नोकरी करते. भारतात पवनचक्की नाही म्हणून घाबरू नकोस, एवढंच सांगायला आले.

डेन्मार्कनं विंडेबीला पहिल्या ११ टर्बाइन समुद्रात लावल्या त्या १९९१ मध्ये, एकेक ४५० किलोवॉटची. २०१७ मध्ये त्या काढूनसुद्धा टाकल्या. म्हणजे तिथं एक पिढी पूर्ण झाली. आपल्याकडं धोरण २०१५ चं, आणि जून २०२४ मध्ये केंद्रानं ७,४५३ कोटींची मदत मंजूर केली, गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर ५००-५०० मेगावॉटसाठी. तू पीएच.डी. संपवून बाहेर पडशील तेव्हा या कामाची माणसं हवीच असणार. आणि नसली तरी मुंबई हायचे जॅकेट (तेलाच्या फलाटांखालचे पोलादी सांगाडे) १९७० च्या दशकापासून समुद्रात उभे आहेत. जुन्या जॅकेटचं आयुष्य किती उरलंय, हा प्रश्न फटीगचाच आहे. ही विद्या वाया जात नाही.

पैशाचं म्हणशील तर २०२३ पासून ज्युनिअर फेलोशिप महिना ३७,००० आहे, वर घरभाडं. घरच्यांना हे स्पष्ट आकड्यात सांग, त्यांचा अर्धा घोर तिथंच कमी होतो. आणि चोर्ल्यावरून दोना पावला काही लांब नाही. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तिथंच आहे. आबांनाही ने. समुद्र आपल्यापासून एका घाटावर आहे, हे त्यांना दिसेल.

अश्विनी_कंग्राळी

काका, स्नेहलताई, दादा, सगळ्यांचे आभार. आबांनी काकांचं उत्तर माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. ते स्वतः फौंड्रीत होते, त्यांना क्रँकशाफ्टचं लगेच पटलं.

दादा, तुम्ही सांगितलेलं मॉडेल केलं. गती ०.२८ हर्ट्झ घेतली. लाटेचा मुख्य काळ आठ सेकंद धरला तेव्हा दोन्ही डॅम्पिंगमध्ये फार फरक दिसला नाही, खांब लाटेबरोबर हलत राहतो एवढंच. पण काळ पाच सेकंदांवर आणला, लाटेची उंची कमी करूनसुद्धा, तेव्हा एक टक्क्याच्या आलेखात खांब स्वतःच्याच तालावर डोलत सुटला. पाच टक्क्यांत ते दबलेलं होतं. मग गती ०.१७ केली, तर आठ सेकंदांच्या लाटेतसुद्धा तेच दिसायला लागलं. तुमचा मुद्दा आता आकड्यात दिसला.

आता शंका अशी. वाचलं त्यात म्हटलंय की टर्बाइन चालू असताना फिरणाऱ्या पात्यांमुळंच डॅम्पिंग मिळतं, आणि बंद असली की ते जातं. पण आपल्याकडं मोठ्या लाटा पावसाळ्यात, आणि वाराही पावसाळ्यातच. म्हणजे लाटा जोरात असताना टर्बाइन चालूच असणार. मग आपल्या किनाऱ्याला हा धोका कमीच नाही का?

जांबोटीकर

अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंस. याच शंकेवर तुझा विषय उभा राहू शकतो, म्हणून नीट उलगडतो.

खांब पुढं-मागं डोलतो तेव्हा पाती वाऱ्यात पुढं-मागं होतात आणि वारा त्या डोलण्याला विरोध करतो. त्यातून बऱ्यापैकी डॅम्पिंग मिळतं, काही टक्के. टर्बाइन बंद पडली की उरतं ते स्टीलचं, मातीचं आणि पाण्याचं मिळून एक टक्क्याच्या आसपास. डॅम्पिंग पाचाचं एक झालं की रेझोनन्सच्या (लाट आणि खांब एका तालावर येण्याच्या) भागातला ताण पाचाच्या वर्गमुळाइतका, सव्वादोन पट वाढतो. त्याचा घन कर. नुकसान अकरा पट. तासाभरात चालू टर्बाइनला जेवढं फटीग, त्याच्या कितीतरी पट बंद टर्बाइनला, समुद्र तोच असताना. म्हणून आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेच्या कोडमध्ये फटीगसाठी चालू टर्बाइनचा भार वेगळा आणि बंद टर्बाइनचा वेगळा, दोन्ही तपासायला सांगितलेत.

तुझं म्हणणं बरोबर: नैर्ऋत्य मोसमी वारा असताना यंत्र चालायला हवं. पण ते बिघडलं तर? दुरुस्तीच्या माणसांना छोट्या बोटीतून खांबाच्या शिडीवर चढवायचं तर लाट साधारण दीड मीटरच्या आत लागते. उघड्या पश्चिम किनाऱ्यावर जून ते ऑगस्ट समुद्र बराच काळ त्याच्या वर असतो. आपल्याकडं यांत्रिक मासेमारीच १ जून ते ३१ जुलै बंद असते. जूनमध्ये गिअरबॉक्स किंवा कन्व्हर्टर गेला, तर ती टर्बाइन कदाचित पावसाळा ओसरेपर्यंत तशीच उभी राहील, वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या लाटांमध्ये, आणि हवेच्या डॅम्पिंगविना. उत्तर समुद्रात हिवाळ्यात वादळं येतात, पण मधे शांत दिवसही मिळतात, तेवढ्यात माणसं जाऊन येतात. आपल्याकडं खवळलेला समुद्र आठवडेच्या आठवडे सलग राहतो. तिथले बंद वेळेचे टक्के उचलून आपल्या हिशेबात घातले तर उत्तर चुकेल. टर्बाइन वर्षातून एकूण किती वेळ बंद, यापेक्षा ती कोणत्या महिन्यात बंद, हे आपल्याकडं जास्त महत्त्वाचं ठरेल, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा धागा तिरक्या लाटांचा. हवेचं डॅम्पिंग मिळतं ते वाऱ्याच्या रेषेत. आडव्या दिशेला टर्बाइन चालू असली तरी ते फारसं नसतं. पावसाळ्यात वारा आणि लाटा साधारण एकाच बाजूनं येतात, ते ठीक. पण बाकीच्या महिन्यांत दक्षिणेकडून लांबवर जन्मलेला संथ, लांब काळाचा फुगारा येत असतो, हिवाळ्यात वायव्येकडून अरबस्तानाच्या बाजूच्या शमल वाऱ्यांचा फुगारा येतो, आणि या सगळ्यावर दुपारचे खारे वारे आपल्या आखूड लाटा उठवतात. आखूड लाटा आडव्या बसल्या तर त्या लहान असूनही नुकसान करतील. एकाच शिखराचा जॉनस्वॅप स्पेक्ट्रम या समुद्राला पुरत नाही. तो १९६८-६९ मध्ये उत्तर समुद्रात घेतलेल्या मोजमापांवरून बनलाय. दोन शिखरांचा स्पेक्ट्रम लागेल.

तेव्हा गाईडकडं एका ओळीचा विषय परत नेऊ नकोस. असा प्रश्न घेऊन जा: पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात बंद राहिलेल्या टर्बाइनच्या मोनोपाइलला, समुद्रतळाच्या पातळीजवळच्या आडव्या वेल्डमध्ये, आयुष्यातल्या फटीगचा किती वाटा मिळतो, आणि तो कमी करायला बंद टर्बाइनची पाती कोणत्या कोनात ठेवावीत? शेवटचा भाग मी मुद्दाम घातलाय. त्यात उपयोगाचं काही हाती लागण्याची शक्यता आहे.

गाईड "खंबातच्या आखातात कर" म्हणाले तर ऐक, पण सांग की तिथं भरती-ओहोटीचा फरक फार मोठा आहे. पाण्याची खोली दिवसातून दोनदा बदलते, म्हणजे लाटेच्या भाराचा तळाशी होणारा मोमेंटही (वाकवणारा जोर) बदलतो, आणि प्रवाह वेगळा. हे सगळं पहिल्याच वर्षी अंगावर घेऊ नकोस. उघड्या किनाऱ्यावर तीस मीटर खोलीची एक जागा धर, १५ मेगावॉटची नमुना टर्बाइन धर.

डॅम्पिंगचा आकडा लेखांतून उचलताना तो कसा मोजला ते वाच. ब्रसेल्सच्या विद्यापीठातल्या गटानं बेल्जियमच्या समुद्रात खऱ्या टर्बाइनवर मोजलाय: फिरती टर्बाइन अचानक थांबवायची, खांब डोलू द्यायचा, आणि ते डोलणं किती झपाट्यानं विरतं ते नोंदवायचं. असा मोजलेला आकडा आणि कुणीतरी गृहीत धरलेला आकडा यांना एका रांगेत बसवू नकोस.

लाटांच्या आकड्यांसाठी ईआरए५ हा जगभरच्या हवामानाचा संगणकीय डेटा मोफत आहे, तासातासाचा. लाटेची उंची, काळ, दिशा, आणि वाऱ्याचा वेग व दिशा, सगळं एकाच जागेचं उतरवून घे. त्यावरून महिन्यावार तक्ते कर. वर्षाचा एकच तक्ता करू नकोस, त्यात पावसाळा हरवतो. इनकॉईस या केंद्राच्या सागरी माहिती संस्थेच्या बोयांची (तरंगत्या मोजयंत्रांची) मोजमापं संस्थेतर्फे मागता येतील, त्यांच्याशी ताडून बघ, कारण किनाऱ्याजवळ ईआरए५ जरा ढोबळ पडतो. जूनचा आणि जानेवारीचा तक्ता झाला की इथं टाक, लाटा कोणत्या खणात किती पडतात ते बघून केस कशा निवडायच्या ते बोलू.